गुळवेलीचा काढा आणि माझ्या प्लेटलेट्स

"तुमची प्रतिकारशक्ती कमी नाहीये हो, ती तुमच्यावरच उठलीये," डॉक्टर मॅडम म्हणाल्या आणि मी खुर्चीतच गार पडले.

आजाराचं नाव आयटीपी. रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशींना प्लेटलेट्स म्हणतात. माझंच शरीर त्यांना परकं समजून मारत सुटलं होतं.

सुरुवात हातापायांवरच्या काळ्यानिळ्या डागांनी झाली. आमच्या शेलार गावात तेव्हा मोबाइल नुकते घरोघरी येत होते, पण बातमी त्यांच्याही आधी पोचायची. शेजारणी माझ्या नवऱ्याकडं वाकड्या नजरेनं बघू लागल्या. त्या बिचाऱ्यानं कधी हात उगारला नाही, आणि उगारला असता तर मी खपवून घेतलं असतं होय? मग दात घासताना रक्त थांबेना, तेव्हा भिवंडीच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला धाडलं.

तिथं स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. चवताळलेल्या प्रतिकारशक्तीला त्या शांत करतात. प्लेटलेट्स चढल्या, पुन्हा घसरल्या. डोस वाढवला, तरी तेच. माझं तोंड तेवढं भाकरीसारखं फुगलं. शेवटी मॅडम म्हणाल्या, "पुढच्या खेपेपर्यंत वाढल्या नाहीत, तर प्लीहा काढावी लागेल." प्लीहा पोटात डाव्या बाजूला असते, प्लेटलेट्स जास्त करून तिथंच मरतात. ज्या बाईचं रक्त थांबत नाही तिचं पोट फाडणार! मला रडूच फुटलं.

मॅडम दर वेळी विचारायच्या, "दुसरं काही औषध घेता का?" आम्ही नाही म्हणायचो. खोटं नव्हतं हो ते. सासूबाई रोज सकाळी मला गुळवेलीचा काढा पाजायच्या, कडुनिंबावर चढलेल्या वेलीचा, तीच गुणाची म्हणून. पण आमच्याकडं काढ्याला औषध कोण म्हणतं? चहासारखा तो घरचाच. त्या दिवशी मला रडताना बघून शेजारी बसलेल्या सासूबाईच बोलल्या, "रडू नको गं. उद्यापासून काढा दोन टाइम देते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "कसला काढा?"

सगळं ऐकून म्हणाल्या, "आजपासून बंद."

सासूबाई तडकल्या. "झाडपाल्याला हसता व्हय? त्याच्यात काय न्हाय असं वाटतं तुमाला?"

"हसत नाही, आजी. घाबरते. चला वर."

वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत गुळवेलीचा अर्क तपासायचं काम चालू होतं. निरोगी माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घ्यायच्या, त्यांच्यात यीस्ट, म्हणजे पाव फुगवायची बुरशी, सोडायची. एका काचेवर एवढंच, दुसऱ्या काचेवर अर्कही. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पहिल्या काचेवर पेशींनी एखाददुसरा कण गिळला होता. दुसऱ्या काचेवर बघते तर पोटं टच्च भरलेली! त्यातली एक तर पुढच्या कणाकडं हळूच सरकत होती. अगंबाई! ना डोळे ना कान, तिला वाट कुणी दाखवली? आणि हे असं माझ्या अंगात रात्रंदिवस चालतं? माझ्या अंगावर काटा आला.

सासूबाई तर तिथून हलेचनात. "जित्या हायेत गं या!"

मॅडम म्हणाल्या, "काचेवर दिसलं ते अंगात तसंच होईल, असं अजून सांगता येत नाही. पण तुमच्या सुनेच्या अंगात अशाच पेशी तिच्या प्लेटलेट्स गिळतात, त्या आधीच भडकल्यात. त्यांना आणखी चेव चढायची जोखीम मी घेणार नाही."

काढा बंद झाला. प्लेटलेट्स चढल्या आणि या वेळी टिकल्या. काढ्यामुळंच घसरत होत्या का, हे मॅडमनी कधी छातीठोकपणे सांगितलं नाही. गोळ्यांनाही वेळ लागतो, म्हणाल्या. पण तुमच्यावर अशी पाळी आली, तर पोटात जातं ते सगळं डॉक्टरांना सांगा. काढा, चाटण, अंगारासुद्धा.

"ऑपरेशन नको आता," असं मॅडमनी सांगितलं त्या दिवशी मी पुन्हा रडले. सासूबाईंनी मात्र त्यांचा हात धरला.

"बाई, मना परत वर न्या. आज हिचं रगत ठेवा काचेवर."

"कशाला, आजी?"

"चुकून का व्हईना, माझ्या पोरीसाठीच भांडत व्हतं ना ते? एकदा बघायचंय मना त्याला."