धाकटीचे तेहेतीस

माझी धाकटी जाऊ कामात गोगलगाय आहे, हे मी घरात अकरा वर्षं सांगत होते आणि कोणी कानावर घेत नव्हतं. सासूबाईंना चहा तिच्याच हातचा हवा. माझी पोटची मुलगी वेणी घालायला तिच्याकडे जायची. म्हणून आमच्या लाँड्रीत फळा लागला तेव्हा मला केवढा आनंद झाला!

आम्ही दोघीही तिथे इस्त्रीला. हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल. इस्त्री करायची, घडी घालायची, दहा नगांचा गठ्ठा बांधायचा आणि आपल्या टेबलाच्या नंबराची चिठ्ठी त्यात खोचायची. नव्या मॅनेजरने दाराशी फळा लावला: तासाला कोणाचे किती नग. तीन महिने पहिली राहील ती शिफ्टची प्रमुख. प्रमुखाला खुर्ची असते. माझ्या गुडघ्यांनी ती खुर्ची त्याच दिवशी मनात धरली.

पहिल्या आठवड्यात माझे बावन्न, धाकटीचे तेहेतीस. मी पहिली, ती तळाला. सुट्टीची घंटा झाली की मी धावत फळ्यासमोर. घरी जाताना वाटभर तिला ऐकवायचे, "तेहेतीस गं! हात आहेत की काय आहेत?" ती हसायची. घरी सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "बरं. धाकटी दमली असेल, तिला बसू दे."

पहिली मी, आणि काळजी तिची! लाँड्रीतही तेच. जी ती हिलाच हाक मारणार. माझा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी मी मॅनेजरच्या कानावर घातलं, "ती दर तासाला पाणी प्यायला जाते. एवढं पाणी उंटसुद्धा पीत नसेल." त्यांनी तिला बोलावून सांगितलं, तिसऱ्या महिन्यातही शेवटची आलीस तर काम सुटेल. ती रडेल म्हणून मी डोळे लावून बसले होते. ती गुपचूप टेबलाशी गेली.

तिसऱ्या महिन्यात फळ्यावर दुसरा रकाना आला: हॉटेलांनी परत पाठवलेले नग. माझ्यापुढे शून्य. मी हवेतच. मग धाकटी चार दिवस माहेरी गेली, आणि त्या चार दिवसांत माझ्या चिठ्ठीचे साठ नग परत आले. कोपरे जुळलेले नाहीत, काठ ओलसर.

गठ्ठे गाडीत भरणाऱ्या काकांशी मी भांडायलाच गेले. ते म्हणाले, "तुमचे गठ्ठे धाकटी सोडवायची. पुन्हा इस्त्री मारून घड्या घालायची. पाण्याला म्हणून यायची ती त्याचसाठी. राहिलेले तुम्ही फळ्यासमोर असताना."

लाज वाटायला हवी होती. आधी राग आला. उपकार करायचे, वर सांगायचंही नाही! ती परतली तशी मी स्वयंपाकघरातच गाठली.

"कोणी सांगितलं होतं तुला हे उद्योग करायला?"

"कोणी नाही, ताई." ती भांडी पुसत होती. "फळ्यावर पहिल्या असलात की तुम्ही वाटभर माझ्याशी बोलता. एरवी कुठे बोलता?"

मी बोलायचे ते तिचे तेहेतीस मोजून दाखवायला.

सकाळी मॅनेजरला सगळं सांगून टाकलं. तिच्या हाताखालून गेलेले माझे गठ्ठे त्यांनी तिच्या नावावर धरले तेव्हा हिशेब उलटला. खुर्ची तिला मिळाली.

मी जळत नाही असं नाही. खोटं कशाला बोलू? खुर्चीकडे बघितलं की गुडघे आणखी दुखतात. आता मी घडी दोनदा बघते, त्यामुळे नग उतरलेत. काल धाकटीने माझा गठ्ठा हातात घेतला, चिठ्ठी वाचली आणि न सोडवता गाडीत ठेवला. घरी जाताना मीच आधी बोलले, "आज माझे चौतीस झाले गं."