लिव्हरचा कागद

तापीबाईवर मी दीड वर्ष रागावलेली आहे, आणि त्यातला निम्मा राग माझा माझ्यावरच आहे. मी तिच्या गल्लीतली आशा कार्यकर्ती.

नंदुरबारबाहेरच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळत घालतात त्या उघड्या मैदानात, ती बावीस वर्षं देठ खुडतेय. दिवाळीपासून चैत्रापर्यंत डोक्यावर ऊन. तरी रिपोर्टात व्हिटॅमिन डी तळाला! डॉक्टर म्हणाले, "मावशी, रोज जरा उन्हात बसत जा." ही त्यांच्या तोंडावरच हसली. "दिनभर ऊनमाच तं ऱ्हास मी, साहेब!"

पण मिरचीची आग लागू नये म्हणून पथारीवरची बाई हातात मोजे घालते, अंगात फुल बाह्यांचा शर्ट, तोंडाला फडकं. डोळे सोडले तर उन्हाला शिवायला जागाच नाही. तापीबाईचा शर्ट हिलालचा होता, तिच्या नवऱ्याचा. तो दारूपायी गेला. पोट फुगलं, डोळे हळदीसारखे झाले. "लिव्हर गयं," एवढंच सगळे म्हणायचे. तेव्हापासून गल्लीत लिव्हर म्हणजे दारू, दुसरा अर्थच नाही. हिने लेकाला, भाग्येशला, स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावून दारूला न शिवण्याची शपथ घातली.

आणि दीड वर्षापूर्वी तापीबाईच्याच सोनोग्राफीचा कागद आला: लिव्हरवर चरबी. रक्तातली साखरही काठावर.

"अगं, दारूमुळे नाही हे! गोडामुळे आहे," मी घसा फोडून सांगितलं. घशात मिरचीचा खकाणा गेला की पथारीवर उतारा एकच, थंड गोड पेयाची बाटली. "आता सोडलीस तर लिव्हर सुधारेल. भाग्येशला दाखव कागद."

तिने माझे पायच धरले. "तुले मन्ही आन शे. पोऱ्याले सांगू नको. लोके म्हनतीन, नवरानी पिधी, आते बायको बी पेस."

मी बाई मूर्ख, गप्प बसले. अधूनमधून विचारायची, "बाटली सोडली ना?" ती म्हणायची, "सोडी वो माय, कव्हयनी सोडी!"

परवा ती पथारीवर नुसती घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. एवढ्याशा पडण्याने! दवाखान्यात नवी सोनोग्राफी झाली. लिव्हर कडक व्हायला लागलंय. आधार कार्ड शोधताना भाग्येशच्या हाती तिच्या पिशवीतला तो जुना कागद लागला. त्याने वाचला, आईकडे बघितलं.

"माय, तू बी?"

तापीबाईने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग मात्र माझं डोकं फिरलं. शपथ गेली चुलीत! अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात मी सगळं सांगून टाकलं: दारूचा थेंब नाही, ही सगळी त्या गोड बाटलीची करणी, आणि ती तर हिने केव्हाच सोडलीय.

भाग्येश खाटेजवळ आला. त्याने आपली थैली उघडली. आईसाठी आणलेली गार बाटली वर काढली.

"रोज संध्याकाळले ही बाटली मीच तं आनस," तो म्हणाला. "ती रोज पेस."

तापीबाई भिंतीकडे बघतच बोलली, "बाटली नको म्हनतू, तं तुले कारन काय सांगतू, बेटा?"