रविवारची काळी स्क्रीन

माणसाचा जगाशी असलेला धागा एकदाच तुटतो आणि कायमचा तुटतो, असं म्हणतात. माझा दर चार मिनिटांनी तुटत होता आणि लगेच जुळत होता. त्यामुळे शोक नेमका केव्हा करायचा, ते ठरत नव्हतं.

घोलवडच्या घरात मी एकटा असतो. मुलगी कॅनडात. दर रविवारी संध्याकाळी सातला ती लॅपटॉपवर दिसते, मांडीवर चार वर्षांची नात. नातीचं मराठी या वीस मिनिटांपुरतंच. उरलेल्या आठवड्यात मीही फारसं मराठी बोलत नाही. दूधवाल्याला दोन शब्द पुरतात.

सलग तीन रविवार स्क्रीन मध्येच काळी पडली. नात चित्र दाखवायला घेई आणि कॉल तुटे. पुन्हा जुळला की तिचं शांत निवेदन ऐकू येई, "आजोबा गेले होते."

मोबाइलवरच्या व्हिडिओ कॉलमध्ये मी मुलीला आजवर फक्त छताचा पंखा दाखवू शकलो आहे. तिसऱ्या रविवारी ती म्हणाली, "राहू दे बाबा. अधूनमधून साधा फोन करत जाऊ."

अधूनमधून म्हणजे किती, हे मला ठाऊक होतं. भावाशी माझं अधूनमधून बोलणं व्हायचं. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.

लॅपटॉप बंद करून चालू केला, चार्जर बदलला, स्क्रीनवर टॉर्च मारून पाहिला. निवृत्त शिक्षक असल्यामुळे थोडं रागावूनही पाहिलं. शेवटी टॉवेलात गुंडाळून तो चिकूच्या खोक्यात ठेवला आणि तलासरीला निघालो.

शेअर रिक्षात शेजारी बसलेल्या बाईंनी खोक्याकडे बघून विचारलं, "कच्चे का पिकलेले?"

"बिघडलेला," मी म्हणालो.

"मग परत नाही घेणार कोणी."

दुरुस्तीचं दुकान झरी गावची एक तरुणी चालवते. तिने अर्धा तास लॅपटॉप चालवला. इन्स्पेक्टर आल्यावर शाळा वागते, तसा तो वागला.

"सर, याला काही झालेलं नाही."

"घरी होतं."

"घरी कोण असतं?"

"मी."

"मग तुम्हीच बसा. घरी बसता तसे."

मी बसलो. डावा हात कीबोर्डच्या कडेला टेकवला, उजव्याने चष्मा सावरला. स्क्रीन काळी.

ती हसली नाही, हे तिचं मोठेपण. टेबलावरचा एक बारीक स्क्रू उचलून तिने माझ्या मनगटाजवळ आणला. तो उडी मारून माझ्या कड्याला चिकटला.

"चुंबक आहे यात. झाकण मिटलंय का, ते लॅपटॉप चुंबकावरनं ओळखतो. तुम्ही हात टेकला की त्याला वाटतं, झाकण मिटलं, झोपा आता. कशाला घालता हे?"

"रक्तदाब उतरतो."

"सर, तुम्ही शिकलेले ना?"

"हो. म्हणून तर बायकोला बारा वर्षं हसलो."

कडं तिने उंबरगावच्या जत्रेत माझ्यासाठी घेतलं होतं. विकणाऱ्याच्या अंगात पांढरा कोट होता, एवढा पुरावा तिला पुरला. ती असेपर्यंत मी ते एकदाही घातलं नाही. महिन्याभरापूर्वी कपाटात सापडलं, तिच्या हातरुमालात गुंडाळलेलं. त्यानंतर आंघोळीलाही काढलं नव्हतं.

"बोलताना तेवढं काढून ठेवा," दुकानातली म्हणाली. मग लॅपटॉप तिने स्वतः टॉवेलात नीट गुंडाळून दिला.

पुढच्या रविवारी पावणेसातला कडं काढलं. टेबलावर ठेवून चालणार नव्हतं. शेजारच्या खोलीत, बायकोच्या खुर्चीवर ठेवलं. वीस मिनिटांत नातीने एक हत्ती आणि दोन घरं दाखवली. दुसऱ्या घराला दार नव्हतं, आत कोण राहतं विचारलं, तर म्हणाली, "तू."

"काय झालं होतं हो लॅपटॉपला?" मुलीने विचारलं.

"लूज कनेक्शन," मी म्हणालो.

कॉल संपला. शेजारच्या खोलीत जाऊन कडं पुन्हा घातलं.

रक्तदाब मी दोन्ही प्रकारे मोजला, कडं घालून आणि काढून. तेवढाच आहे.