सावकाशच्या गाडीतला आवाज

माझ्या थोरल्या भावाला गल्लीत कोणी नावानं हाक मारत नाही. त्याच्या पिकअपच्या मागच्या फळीवर ठळक अक्षरांत 'काच आहे, सावकाश' असं रंगवलंय. त्यातलं 'सावकाश' तेवढं लोकांनी उचललं आणि त्याला चिकटवलं. शोभतंही म्हणा. एकवीस वर्षं तो काचा वाहतोय. दुकानांच्या दर्शनी काचा, आरसे, खिडक्यांची तावदानं. लाकडी घोडीला, म्हणजे तिरप्या चौकटीला, घोंगड्या लावून काचा उभ्या बांधायच्या आणि गाडी अशी हाकायची की पोटातलं पाणी हलू नये.

इतकी वर्षं शेजारच्या सीटवर त्याचा जोडीदार असायचा. काच दोघांनी मिळून उचलायची आणि वाटेत जोडीदारानं बोलायचं, दादानं ऐकायचं, अशी त्यांची वाटणी. गेल्या वर्षी जोडीदाराची कंबर गेली आणि तो लेकीकडे, दुसऱ्या शहरात राहायला गेला. काच उतरवायला आता गिऱ्हाइकाची माणसं हात लावतात, पण केबिनमध्ये दादा एकटा. जुना रेडिओ होता, त्याचा डावा स्पीकर मुका आणि उजवा खोकणारा.

"दिवसभर इंजिनाची कुरकुर ऐकून डोकं उठतं," तो एकदा जेवताना म्हणाला.

"मग मला फोन करत जा," वहिनी म्हणाली.

"म्हणजे कुरकुर बदलेल, एवढंच."

वहिनीनं पोळीचं ताट स्वतःकडे ओढून घेतलं आणि विषय तिथंच संपला. पण पुढच्याच आठवड्यात दादा नवा स्टिरिओ आणि दोन मोठे स्पीकर घेऊन आला. दुकानदार म्हणाला होता, गाडी ठेवून जा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत बसवून देतो. दादानं ऐकलं नाही.

"केसाएवढी फट न ठेवता काच बसवणारा माणूस मी," तो मला म्हणाला. "मला दोन स्पीकर बसवता येणार नाहीत?"

माझं स्वयंपाकघर त्याच्या अंगणाच्या अगदी समोर आहे. त्यामुळे पुढचं सगळं मला भांडी घासता घासता दिसलं, आणि ऐकूही आलं.

पहिल्या रविवारी सकाळी त्यानं दाराचा आतला पॅनल काढायला घेतला. तो प्लॅस्टिकच्या क्लिपांनी बसवलेला असतो आणि त्या हळूच उचकटायच्या असतात. एक, दोन, तीन क्लिपा नीट निघाल्या. चौथी तुटली. पाचवी तुटली. सहावी कुठं उडाली ते आजतागायत कळलेलं नाही. सावकाश म्हणून ओळखला जाणारा माणूस तिथून पुढं सावकाश राहिलाच नाही. जुना रेडिओ ओढून काढताना त्याच्या मागचा वायरींचा जुडगा अडकला, तर त्यानं पक्कड घेऊन तो सरळ कापून टाकला. कुठली वायर कुठं जात होती याची खूण नाही, कागदावर नोंद नाही. एक ना धड भाराभर चिंध्या हातात धरून तो सीटवर बसून राहिला.

"आधी फोटो काढून ठेवायचा होता," मी खिडकीतून म्हणाले.

"तू भांडी घास," तो म्हणाला.

दुपारपर्यंत त्यानं अंदाजानं वायरी जोडल्या. स्टिरिओत दिवा लागला. लाल आणि पिवळी अशा दोन वायरी असतात. पिवळीला कायम वीज लागते आणि लालला फक्त किल्ली फिरवल्यावर. दादानं दोन्ही एकत्र पिळून बॅटरीला जोडल्या. सोमवारी सकाळी गाडी हूं की चूं करेना. रात्रभर स्टिरिओनं बॅटरी पिऊन टाकली होती. मागं घोडीवर दवाखान्याच्या दाराची काच बांधलेली आणि तिकडे माणसं वाट बघत उभी. धक्का मारून चालू करावी, तर एका हिसक्यात काच जायची. शेवटी शेजाऱ्याच्या गाडीच्या बॅटरीवरून चालू करून घेतली. दादा तासभर उशिरा पोचला आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा गिऱ्हाइकाचं ऐकून घेऊन परत आला.

दुसऱ्या रविवारी त्यानं वायरी सुधारल्या आणि स्पीकर दारात बसवले. छान बसले. दादानं हात पुसले, वहिनीला बोलावलं, मलाही बोलावलं. मग हवा यावी म्हणून त्याच्या बाजूची खिडकी खाली करायला गेला आणि ती अर्ध्यात खटकन अडली. नव्या स्पीकरचं मागचं चुंबक जाडजूड, खाली येणारी काच थेट त्याच्यावर आपटत होती.

वहिनीनं पदर तोंडाला लावला. मी दुसरीकडे बघितलं. पण गल्लीतला न्हावी आपल्या दुकानाच्या दारात उभा होता, तो थोडाच गप्प बसतोय!

"अहो सावकाश, गावाला काचा बसवता आणि स्वतःची खाली जात नाही होय?"

दादानं दार एवढ्या जोरात आपटलं की उरलेल्या क्लिपांपैकी एक तिथंच गळून पडली. मग प्लायवूडची चकती कापून त्यानं स्पीकर थोडा बाहेर घेतला. काच आणखी चार बोटं खाली गेली, पण आता पॅनल बसेना. तो त्यानं काळ्या टेपनं दाराला चिकटवला. त्या दिवशी तो जेवायला बसला, पण घास मोजून दोनच.

खरं दुखणं पुढंच होतं. किल्ली फिरवून नुसतं गाणं लावलं की आवाज स्वच्छ. इंजिन चालू केलं की गाण्याच्या मागून 'कुंईऽऽ' अशी शिट्टी सुरू. वेग वाढला की शिट्टी चढायची, ब्रेक मारला की उतरायची. दादानं स्पीकर उलटे जोडून पाहिले, नवीन वायरी ओढल्या, स्टिरिओ दुकानात बदलून आणला. आजार म्हशीला आणि औषध पखालीला! तीन आठवडे तो घरात कुणाशी सरळ बोलला नाही. वहिनीनं एकदा विचारलं, "काढून टाकायचं का हो सगळं?" तर तो एवढा ओरडला की ती माझ्याकडे येऊन बसली. रडली नाही. म्हणाली, "माणसाला गाडीत सोबत हवी होती, आणि घरातली होती तीही घालवून बसलाय."

दादाला ते कळलं असावं. संध्याकाळी तो आला, दारातच उभा राहिला आणि म्हणाला, "चुकलं माझं. घरी चल." मग तिघं अंगणात असतानाच त्यानं जोडीदाराला फोन लावला, इंजिन चालू केलं आणि फोन स्पीकरसमोर धरला.

"ऐकलीस शिट्टी?"

"ऐकली. अर्थिंगची काळी वायर कुठं कसलीय?" पलीकडून जोडीदारानं विचारलं.

"सीटखाली, पत्र्याला."

"अरे शहाण्या, तो पत्रा गंजायला लागला म्हणून आपण दोघांनी त्याला तीन हात रंग मारला होता. वायर रंगावर बसलीय तुझी, पत्र्याला टेकणार कशी? खरवड."

दादा सीटखाली शिरला. स्क्रू काढून त्यानं रंग खरवडला, पॉलिश पेपरनं पत्रा लख्ख केला आणि वायर पुन्हा कसली. इंजिन चालू केलं. शिट्टी गेली. एका बोटाएवढ्या रंगानं महिना खाल्ला होता. मला वाटलं तो हसेल. त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

आता स्टिरिओ वाजतो, पण दादा खूश आहे असं म्हणवत नाही. पहिल्याच दिवशी ढोलकीचा ठेका घुमला आणि मागच्या काचा घोडीत थरथरायला लागल्या, तेव्हापासून आवाज जेमतेम ऐकू येईल एवढाच ठेवावा लागतो. खिडकी अजून पुरती उघडत नाही. कारखान्याच्या फाटकावरचा बुटका पहारेकरी पावतीवर सही करायला आला की अर्ध्या काचेवरून त्याचा हात पोचत नाही, आणि दादाला दार उघडून खाली उतरावं लागतं. पहारेकरी दर वेळी विचारतो, "खिडकीला काय झालं?"

दादा दर वेळी म्हणतो, "काही नाही. तू सही कर."