‘मारहाण’ हा शब्द खाली ढकलून द्या

माझं काम काय, हे सांगायला गेलं की पंचाईत होते. आई विहारातल्या बायकांना सांगते, आमची पोरगी कॉम्प्युटरवर शब्द शोधती. ते बरोबरच आहे. बसवकल्याणच्या बसस्टँडमागे ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं एक दुकान आहे, त्याच्या माडीवर माझी खोली. लोक फोनमध्ये काय लिहून शोधतात ते मी तिथं बसून बघते आणि ज्यांच्या वेबसाइट आहेत त्यांना सांगते, की तुम्ही तुमच्या वस्तूला जे म्हणता ते लोक म्हणत नाहीत, लोक हे म्हणतात. गाणगापूरच्या एका लॉजवाल्याचं पान पुणे-सोलापूरकडच्या लोकांना सापडतच नव्हतं, कारण त्यानं गावाचं नाव कानडी वळणानं लिहिलं होतं आणि तिकडचे लोक वेगळं स्पेलिंग करायचे. ते बदललं, ‘गरम पाणी’ आणि ‘खालच्या मजल्यावर रूम’ हे शब्द पानावर घातले, आणि पान वर आलं. आमच्याकडं एकच माणूस एक गोष्ट मराठीत शोधतो, सापडली नाही तर कानडीत, नाहीतर दखनीत. तिन्ही येत असल्यामुळं माझं बरं चाललं होतं.

तेव्हा तो नशामुक्ती केंद्राचा मालक आला. अंगानं मोठा, आवाजानं मऊ. माझ्या वडलांच्या वयाचा असून मला अक्का म्हणायचा. खुर्चीत बसल्या बसल्या त्यानं फोन माझ्यापुढं धरला. त्याच्या केंद्राचं नाव लिहिलं की खालच्या ओळींत पुढचे शब्द आपोआप येत होते. मारहाण. पाईप. माणूस मेला काय. त्याचं म्हणणं होतं, की हे शब्द दुसऱ्या कुठल्या केंद्रवाल्यानं मुद्दाम घातलेत आणि ते मी काढून टाकावेत. मी समजावलं, की असं कुणाला घालता येत नाही. पुष्कळ लोक तेच लिहून शोधायला लागले की ते खाली दिसायला लागतं. माझ्या हातात एवढंच, की चांगली पानं लिहीत राहायची आणि वाईट हळूहळू खाली ढकलायचं.

“मंग ढकला की, अक्का,” तो म्हणाला.

लोक असं कशाला शोधतील, असं मी विचारलं. त्यानं हात झटकला. दारुड्यांच्या घरचे लोक, त्यांना काय, कायबी लिहितेत.

मी लगेच हो म्हटलं नाही. कुठलंही काम घेण्याआधी मी त्या विषयातले शब्द बघून घेते, तसे हेही बघायला बसले. ‘व्यसनमुक्ती’ हा शब्द पाट्यांवर असतो, शोधणारं माणूस तो क्वचित लिहितं. लोक लिहीत होते, न सांगता दारू सोडवायचं औषध. घरातून उचलून नेणारे केंद्र. दारू सुटेपर्यंत ठेवून घेतात का. आणि त्याच्याच शेजारी, नवरा मारतो काय करावं. नवरा मारतो पण सोडायचा नाही. तेच कानडीत गंड होडितान, दखनीत मरद मारता. नवरा मारतो म्हणून शोधायला सुरुवात करणाऱ्या बायका शेवटी केंद्राच्या पत्त्यावर येत होत्या, हे त्या शब्दांवरून स्पष्ट दिसत होतं. पण नवऱ्याला आत घातल्यावर त्याच बायका केंद्राच्या नावापुढं ‘मारहाण’ का लिहीत असतील, ते मला बघायचं होतं. मालकाला मी सांगितलं, की साइटसाठी फोटो लागतील, मला जागा बघू द्या. तो खूश झाला.

केंद्र हायवेपासून आत, उसाच्या मधोमध होतं. बाहेर झेंडूची झाडं आणि ध्यानाच्या खोलीची पाटी. मागं पत्र्याचं लांब शेड होतं. तिथं माणसं ओळीनं बसवलेली, डोकी भादरलेली, पाय समोर लांब केलेले. मला वाटलं योगासनं चाललीत. जवळ गेल्यावर तळपाय दिसले. सुजून काळेनिळे झालेले. त्या पायांवर कुणाला उभं राहता येणंच शक्य नव्हतं.

ओळीतल्या एकाला मी ओळखलं. आमच्या बसस्टँडवर टमटम चालवायचा तो. पावसात मला कितीदा घरापर्यंत सोडलेलं. मालक पुढं जाऊन स्वयंपाकघर दाखवत होता, तेवढ्यात टमटमवाला मान न वळवता बोलला.

“अक्का, आमच्या घरी सांगा. पाय गेले माजे.”

वॉर्डननं ऐकलं. पंचविशीतला, काटकुळा पोरगा. त्याच्या चेहऱ्यावर राग असा नव्हताच. वाटेतली म्हैस बाजूला करावी तसा तो आला. हातात झाडांना पाणी घालायचा हिरवा पाईप होता, आत वाळू भरून दोन्ही तोंडं तारेनं आवळलेली. पाठीवर घातला, मग मानेवर, मग टमटमवाला आडवा झाल्यावर बरगडीत. ओलं पोतं जमिनीवर आपटावं तसा आवाज येत होता. तो ओरडलाही नाही, फक्त दर फटक्याला तोंडातून हवा बाहेर पडत होती. त्याची चड्डी भिजली आणि फरशीवरून ओघळ माझ्या चपलेपर्यंत आला. ओळीतल्या कुणीही वर बघितलं नाही.

मालक मला सांगत होता, की डाळीचा मोठा पातेला फोटोत घ्या. मी त्याच्याकडं बघतच राहिले, तेव्हा म्हणाला, “नशा उतरायलीय त्याची. सुरवातीला असंच असतंय, अक्का.”

फोन करते, एवढं म्हणून मी बाहेर आले. स्कूटी बसस्टँडवर नेली आणि तिथल्या टमटमवाल्यांना त्याचं घर विचारलं.

टमटमवाल्याची बायको बसस्टँडजवळच्या गल्लीत राहायची. एका खाणावळीला ज्वारीच्या भाकऱ्या करून द्यायची. मी गेले तेव्हा चुलीपुढंच होती. तिचा उजवा हात कोपरातून भलतीकडंच वळलेला होता, म्हणून भाकरी डाव्या हातानं थापत होती. मी कोण, कुठून आले, काय बघितलं, सगळं सांगितलं. ती थापत थापत ऐकत होती. मग तिनं आपलं सांगितलं. हात नवऱ्यानं मोडला होता, खाटेचा पाय उपसून. प्लास्टरमध्ये असताना डाव्या हातानं फोनमध्ये लिहून लिहून तिनं ते केंद्र शोधलं. गाडी आली, माणसं उतरली, त्याला खाटेवरून उचललं. तो आपल्या आईच्या नावानं रडत होता. केंद्राच्या कागदावर तिनं अंगठा नाही, सही केली, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

“लई मारायलेत का?” तिनं विचारलं.

“व्हय, वहिनी. पाय सुजलेत. चालता येत न्हाई त्याला.”

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं.

“मारू द्या,” ती म्हणाली. “माजा हात मोडला तवा कोण आलतं?”

सही करणारीलाच तो सोडवायचा नाही, तर पोलिसांकडं मी कशी जाणार, असं मला वाटलं. तिनं मला चहा करून दिला, मी तो प्याले आणि घरी आले. आईनं विचारलं, तोंड असं कामून झालंय, तर तिलाही काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीच्या जिन्यावर ती बसलेली होती. पदर डोक्यावरून घट्ट घेतलेला, डोळे लाल.

“त्याला मार बसायलाय म्हणून रातभर मला बरं वाटलं,” ती म्हणाली. “आता त्या बरं वाटण्याचंच भ्या वाटायलंय. चला.”

स्कूटीवरूनच मी पोलिसांना फोन केला आणि कुठं जातोय ते सांगितलं. फाटकावर वॉर्डन होता. मालक गावाला गेलेत, ते आल्याशिवाय कुणाला सोडता येत नाही, असं तो म्हणाला. ती म्हणाली, मी सही करून घातलं, मीच नेणार. तो तिला मागं सारत राहिला, ती पुढं होत राहिली. मग त्यानं तिचा मोडका हातच धरून पिरगाळला. ती किंचाळली आणि मी मध्ये पडले.

पाईप माझ्या जबड्यावर आणि कानावर एकदमच बसला. दुखलं नाही. एक पांढरा आवाज आला आणि तोंडात काहीतरी खडा आल्यासारखं वाटलं. थुंकले तर दात होता. मी फाटकाच्या आत मातीवर पडले होते आणि तिथून सगळं आडवं दिसत होतं. पाईपाचं दुसरं टोक तिनं डाव्या हातात धरलं होतं, वॉर्डन तिला त्यासकट ओढत होता, आणि ती सोडत नव्हती.

ते शेडमधल्यांनी बघितलं. आधी एक जण उठला, भिंतीला धरून. मग सगळेच. कुणी गुडघ्यावर, कुणी टाचांवर, कुणी बसूनच सरकत. हातांत जेवायची स्टीलची ताटं, वाफ्याच्या विटा. काही क्षणांत वॉर्डन खाली होता आणि ते त्याच्यावर. ताटाच्या कडेनं कुणीतरी त्याच्या तोंडावर घालत होतं. ज्यांना पोचता येत नव्हतं ते त्याच्या पायांना चावत होते. ही माणसं सुटतायत याचा मला आनंद व्हायला हवा होता. मला फक्त किळस आली, आणि ती आपल्यालाही न ओळखता मारतील अशी भीती वाटून मी फाटकाकडं सरकत राहिले.

टमटमवाला वॉर्डनच्या छातीशी गुडघ्यावर बसून विटेनं ठेचत होता. बायको ओरडली, “मरंल त्यो! सोडा!” कुणी ऐकेना, तशी ती वॉर्डनवर आडवी पडली. वीट तिच्या पाठीत बसली. नवऱ्याचा हात थांबला. खाली कोण आहे ते त्यानं बघितलं. नीट बघितलं, मला तिथून त्याचा चेहरा दिसत होता. आणि मग त्यानं आणखी एक घातली.

ती तरीही उठली नाही. पोलिसांची जीप आली तेव्हा ती तशीच पडून होती, आणि तिच्याखालचा पोरगा तिला आई म्हणत होता.

बीदरच्या दवाखान्यात माझा जबडा तारेनं बांधला. आई नळीनं आंबील पाजायची आणि रागानं एक शब्द बोलायची नाही. डाव्या कानानं मला अजून नीट ऐकू येत नाही. केंद्राला सील लागलं, मालकाला धरलं, जामीन झाला, केस चालू आहे. वॉर्डनचा एक डोळा गेला. जबाब देताना कळलं, की तोही तिथं पेशंट म्हणूनच आला होता. बरा झाल्यावर घरच्यांनी परत घेतलं नाही, म्हणून मालकानं ठेवून घेतलं आणि हातात पाईप दिला. हे ऐकून माझा राग कमी झाला नाही. पण तो नुसता त्याच्यावर ठेवून भागेना.

टमटमवाल्याला सरकारी वॉर्डात उपचार मिळाले. पाय बरे झाले, तो औरादला भावाकडं गेला. बायकोला न्यायला एकदा आला होता, दारू न पिता, हात जोडून. तिनं त्याला दारातच पाणी दिलं, पाठीवरचा वण दाखवला आणि हा दारूनं मारलेला नाही, असं सांगितलं. तो निघून गेला. तिनं परत बोलावलं नाही.

माझी तार निघाल्यावर ती एकदा माडीवर आली. ती फोनमध्ये लिहायची ते लिहिलं तर आता बायकांना काय सापडतं, असं तिनं विचारलं. मी दाखवलं. वर सगळी केंद्रंच होती, झेंडूच्या फोटोंसकट. मग आम्ही दोघींनी एक पान लिहिलं, तिन्ही भाषांत. मी ‘कौटुंबिक हिंसाचार’ असं लिहिलं की ती म्हणायची, हे कोण लिहितंय? नवरा मारतो म्हणा. दवाखान्यात डॉक्टरला खरं कारण लिहायला कसं सांगायचं, तक्रार कुठं द्यायची, दारूचा सरकारी उपचार कुठं मिळतो, हे सगळं त्यात घातलं. कुठल्याही केंद्रात सही करण्याआधी आत जाऊन तिथल्या माणसांचे तळपाय बघा, ही ओळ तिची. पान पहिल्यांदा कुठंच दिसेना. मी रोज थोडं थोडं बदलत गेले, बायकांचे नवे शब्द घालत गेले, आणि ते हळूहळू वर आलं.

पानाखाली माझा नंबर होता, त्यावर फोन यायला लागले. माझा कान असा, म्हणून ते तीच घेते, भाकऱ्या आटोपल्यावर माझ्या खोलीत बसून. परवा एक बाई भालकीकडून बोलत होती. आवाज मोठा ठेवलेला, त्यामुळं मलाही ऐकू आला. तिला उपचार नको होता. नवऱ्याला चांगलं बडवतील असं केंद्र कुठं आहे, एवढंच तिला पाहिजे होतं.

वहिनीनं फोन उचलून हातात घेतला. मला वाटलं फोन ठेवणार.

“मलाबी तेच पायजे होतं, बाई,” ती शेवटी म्हणाली. “तुज्याजवळ कोण हाय का आता? लेकरं घेऊन जरा भाइर बस. मग बोलू.”