पाय वर केलेली गाय

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत पालक भांडायला आले ते पोराला गुण कमी दिले म्हणून. जास्त दिले म्हणून भांडायला आलेली बाई एकच, शेवंताची माय. तिचं स्वतःचं नाव शाळेच्या रजिस्टरात असेल कुठेतरी, पण अख्खं गाव तिला शेवंताची मायच म्हणायचं आणि मीही.

सेनगाव तालुक्यात, साखऱ्याहून जरा आत, सातवीपर्यंतची आमची शाळा. शेवंता चौथीत, दुसरीपासून माझ्याच वर्गात. पोरगी मोठी गोड. कविता तोंडपाठ, धडे तोंडपाठ. तपासणीला साहेब आले की मी तिलाच उभी करायचो. तिची माय मात्र शाळेत आली की कधी खुर्चीवर बसली नाही. विळा बाजूला ठेवून पायरीवर टेकायची. आग्रह केला तर म्हणायची, "खुर्चीत बसलं की मला बोलणंच सुचत न्हाई, मास्तर."

त्या दिवशी पायरीवरूनच तिनं विचारलं, "माह्या लेकीला 'अ' काहून देला?"

"मग काय द्यायला पाहिजे होतं?"

"जे खरं हाय ते. तिला वाचता येत न्हाई."

मी हसलो. "अहो, सगळा धडा घडाघडा वाचून दाखवते ती!"

"तेच तर सांगून राहिले. मागल्या महिन्यात चुलीपाशी पुस्तक मी धरलं होतं. मला काय कळतंय त्यातलं? ही घडाघडा वाचून राहिली, अन् चित्रातली गाय बघते तर पाय वर! पुस्तक उलटं, तरी पोरीचं वाचणं चालूच. मास्तर, तिनं सगळं तुमचं ऐकून पाठ केलंय."

माझं हसू तिथंच विरलं, कारण मला हे माहीत होतं. दुसरीपासून माहीत होतं. तिला 'ध' आणि 'घ' वेगळे दिसायचेच नाहीत, फळ्यावरचा शब्द वहीत येईपर्यंत भलताच व्हायचा. पण पोर गुणी, गरीब. तिच्या प्रगतिपुस्तकावर वाईट शेरा मारायला हात धजायचा नाही. म्हणून दरवर्षी लिहायचो, 'वाचन स्पष्ट व अचूक'. शिवाय वर पाठवायच्या तक्त्यात आमची सगळी मुलं वाचणारी दिसायची, हेही कबूल करतो. आता लपवून काय उपयोग?

बाई तालुक्याला जाऊनही आली होती. सोयाबीन काढणीच्या ऐन दिवसांत मजुरी बुडवून, लेकीला घेऊन. तिथल्या विशेष शिक्षिकेनं सांगितलं, पोरगी हुशार आहे, फक्त अक्षरं तिच्यापाशी ठरत नाहीत. अशा मुलांना वेगळं शिकवतात, पेपरला जादा वेळ देतात, तोंडी परीक्षाही घेतात. पण तिथल्या साहेबांनी प्रगतिपुस्तक उघडलं आणि म्हणाले, "सगळीकडे 'अ' आहे, हिला मदत कशाची?" झालं, दोघी परत.

"तुमी लाडानं लिहिलं, मास्तर," ती म्हणाली, "अन् तिथं माह्या लेकीचं दार लागलं."

मला रागच आला. "मग काय, आजवर खोटं लिहिलं म्हणून कळवू? नोटीस येईल मला!"

ती भांडली नाही. दुसऱ्या दिवसापासून शेतावर जाताना रोज पायरीवर येऊन बसू लागली. परिपाठ होईपर्यंत बसायची, "येते मास्तर" म्हणायची आणि निघायची. मी आपला तिच्याकडे न बघता हजेरी घ्यायचो. वैताग नुसता! आठ-दहा दिवसांनी तिनं हरभऱ्याची कोवळी भाजी खुडून आणली आणि टेबलावर ठेवली.

"हे कशाला?"

"काहून रागावता? लेकरावर तुमचा जीव हाय, ते कळत न्हाई का मला? जीव हाय म्हणूनच खरं लिहा."

त्याच दिवशी लिहिलं. तिला वाचून दाखवलं, "चौथीत असूनही दोन अक्षरी शब्द वाचता येत नाही. आधीच्या नोंदी माझ्या चुकीच्या आहेत." तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाली, "आता बराबर हाय." स्वतःच्या लेकराबद्दल असलं ऐकून एवढं समाधान पावलेली आई मी दुसरी पाहिली नाही.

नोटीस आली. खुलासा दिला. काही आभाळ कोसळलं नाही. अशा मुलांना सवलतीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रापायी मात्र मायच्या हिंगोलीला तीन चकरा झाल्या. एकदा डॉक्टर नाहीत, एकदा फोटो नाही. "पाय हायेत तवर चकरा मारीन," ती म्हणायची. मग तालुक्याची ती शिक्षिका आठवड्यातून दोनदा शाळेत येऊ लागली. परातीत तुरीची डाळ पसरून बोटानं अक्षर गिरवायचं, असं सुरू झालं. शेवंता चिडायची, रडायची, परात लोटून द्यायची. माय खाली बसून डाळ वेचायची आणि परात पुन्हा तिच्यापुढे ठेवायची.

पुढच्या वर्षी माझी जवळा बाजारकडे बदली झाली. निरोपाची भाषणं, शाल, नारळ, सगळं आटोपलं. लोक पांगल्यावर दोघी मायलेकी आल्या. हातात चौथीचं तेच पुस्तक.

"ऐकून जा," माय म्हणाली.

शेवंतानं शब्दाखाली बोट धरलं. "गा... य. गाय. रा... ना... रानात..." पूर्वी एका दमात धडा म्हणणारी पोर तीन ओळींना घाम गाळत होती. माझा चहा पार निवला. डोळे भरून आले, ते मी पुसलेही नाहीत.

तेवढ्यात मायनं तिच्या हातातलं पुस्तक काढून घेतलं, उलटं केलं आणि तिच्यापुढे धरलं. "हं, वाच आता."

शेवंता बघत राहिली. मान वाकडी करून पाहिलं, मग वैतागली.

"माय, उलटं काहून धरलं? असं वाचता येतं व्हय?"

मायनं पदर तोंडाला लावला.

"न्हाई येत गं बाई," ती म्हणाली. "न्हाई येत."