दुहेरी पिळलेली तार

थोरल्या भावाचा उजवा हात मी जाळला. हे एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली, याचाच आता संताप येतो.

भाऊ लढाईच्या काळात विमानदुरुस्तीत होता. परत आल्यावर त्याने अकोल्यात कापसातली सरकी काढणाऱ्या एका बंद जिनाच्या शेडमध्ये दोन माणसांचं विमान बांधायला घेतलं. नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणून रोगण चढवलेलं कापड, इंजिन लष्करी भंगारातलं. मी अमरावतीचा वायरमन, जिनांच्या मोटारी बसवणारा. रविवारी मूर्तिजापूरसकट प्रत्येक स्टेशनावर थांबणाऱ्या पॅसेंजरने त्याच्याकडे जायचो. टांगेवाला हटकून विचारायचा, "काहो, तुमचं विमान मूर्तिजापूरले थांबते का?" भाऊला सांगितलं की तो पोट धरून हसायचा. मला अपमान वाटायचा.

वायरिंग आम्ही मिळून केलं आणि फ्यूजवरून कडाडून भांडलो. भंगारात त्याला जास्त करंट आला की आपोआप बाहेर उडणारी बटणं मिळाली होती. त्याने एकेकावर मुद्दाम भार टाकला. बरीचशी उडालीच नाहीत. ती त्याने फेकून दिली. उरलेली दिव्यांना लावली आणि रेडिओला साधी चिनी मातीची फ्यूज. तीही सीटच्या मागे, विमान हवेत असताना हात पोचणार नाही अशी.

"वर असताना उडली तर?" मी विचारलं.

"उडू दे. रेडिओ मरन, आपण नाई मरत. इंजिनले ह्या बॅटरीचं काईच लागत नाई."

"मशीन बंद पडून चालते का कुठं, भाऊ?"

"अबे, फ्यूज रेडिओसाठी नसते, तारेसाठी असते. तार जळू नये म्हणून. तुह्यं जिनातलं डोकं इथं नको आणू."

जिनातलं डोकं म्हणजे काय, तेही सांगतो. हंगामात कापसाच्या गाड्यांची रांग लागली की जिनाच्या मालक सेठला मोटार थांबलेली खपत नसे. फ्यूज उडाली की आम्ही तार दुहेरी पिळून टाकायचो. पुन्हा उडाली तर तिपेडी. रुईला आग लागली तर पाणी मारू, पण मोटार थांबता कामा नये! असल्या माणसाला तिथे हुशार म्हणत, आणि मी फार हुशार होतो.

इंजिन पहिल्यांदा जमिनीवर चालवून दाखवायचं होतं, त्या सकाळी रेडिओची फ्यूज दोनदा उडाली. "तार कुठंतरी घासून राहिली. सापडल्याशिवाय इंजिन लावू नको," असं बजावून भाऊ फाटकावर पाहुण्यांना घ्यायला गेला. आमच्या विमानाला हसणाऱ्या त्या पाहुण्यांना मला रेडिओ वाजवून दाखवायचा होता. मी फ्यूजमधली तार दुहेरी केली. भाऊ परतल्यावर म्हणालो, "सापडलं, पट्टी गुंडाळली."

त्याने विश्वास ठेवला. इंजिन थरथरू लागलं, घासलेली तार नळीला टेकली, लाल झाली, पण फ्यूज उडाली नाही. कापड भपकन पेटलं. भाऊने जाळात हात घालून बॅटरीची तार उपटली.

राख मीच उपसली. दुहेरी तारेची ती फ्यूज कोणी पाहायच्या आत मीच खिशात घातली.

त्याची बोटं कायमची आखडली. पण सगळ्यांना तो एकच सांगायचा, "मी फ्यूज चुकीची निवडली." नातेवाईक मान हलवायचे आणि मी त्याला संत्री सोलून द्यायचो. विमान त्याने पुन्हा हातात घेतलं नाही. घरची फ्यूज उडाली तरी मला निरोप पाठवायचा, "तूच ये बाबू, माहा भरोसा नाई." मी जायचो आणि गप्प राहून बसवून द्यायचो! चीड येते माझी मलाच.

गेल्या उन्हाळ्यात सांगून टाकलं. हाताबद्दल शिव्या घालेल असं वाटलं होतं. तो हाताबद्दल बोललाच नाही.

"म्हंजे माहा हिशोब बरोबर होता?"

"हो."

"आन तू मले सांगून नाई राहिला? इतके वर्स? मी सोताले मूर्ख समजून घरात बसलो न बे!"

वहिनी आतून धावत आल्या. भाऊने त्यांना बाजूला सारलं, दार उघडलं आणि मला म्हणाला, "चाल, नीघ."

मी निघालो. त्याने अजून बोलावलेलं नाही.